‘फरशी बसवणे’ : एका अंगणाच्या खर्चाचा अर्थविचार

अर्थविचाराचे विवेचन करताना आपण उदाहरणे बहुधा जुन्या काव्यांतून, बखरींतून किंवा शिलालेखांतून घेतो. प्रस्तुत लेखातील उदाहरण मात्र एका साध्या अंदाजपत्रकातील आहे. लेखकाच्या बजाजनगर येथील घरापुढे २० फूट लांब व १५ फूट रुंद असे अंगण आहे. त्यास दगडी फरशी करावयाचे ठरले, तेव्हा काम घेणाऱ्या गृहस्थांनी कागदावर एकच ओळ लिहून दिली : ‘अंगणात शहाबादी फरशी बसवणे, मालासह, उक्ते.’ ओळीखाली रक्कम होती. दोन्ही पक्षांनी सही केली. दुसऱ्याच पावसाळ्यात फाटकाजवळचा कोपरा खचला, पाणी उंबऱ्याकडे वळले, आणि तेवढ्या भागाचा खर्च पुन्हा करावा लागला. ती एक ओळ नीट वाचली असती तर हा खर्च टळला असता, अशी लेखकाची आता खात्री झाली आहे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने ती नीट वाचू नये, ही गोष्ट भूषणावह नव्हे. म्हणून त्या ओळीतील शब्द एकेक करून तपासण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम अंगणाविषयी. बजाजनगर ही वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील निवासी वस्ती होय. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूज येथे सुरू झाला आणि त्यापाठोपाठ कामगारांची ही वस्ती वाढली. येथील भूखंड लहान आहेत. खेड्यातून आलेल्या कुटुंबाला घरापुढची दहावीस फूट जागा हेच वाळवण, पाहुणा, वाहन आणि तुळस ह्या सर्वांचे स्थान असते. अशा ठिकाणी दगडी फरशी ही चैन आहे असे समजण्याचा प्रघात आहे, पण तो तपासून पाहावयास हवा. मातीचे अंगण फुकट असते, असे आपण म्हणतो. परंतु ते झाडणे, त्यावर सडा घालणे, दर काही दिवसांनी ते सारवणे हे श्रम घरातील बाईने केलेले असतात, आणि त्यांची नोंद कोणत्याच जमाखर्चात होत नाही. फरशीचा खर्च एकदाच होतो व तो कागदावर दिसतो. मातीचा खर्च रोज होतो व तो दिसत नाही. महाग आणि स्वस्त हे शब्द वापरण्यापूर्वी एवढा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

आता ‘शहाबादी’. शहाबाद हे गाव कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात आहे. छत्रपती संभाजीनगरपासून ते साडेतीनशे किलोमीटरांहून दूर पडते. मराठवाडा आणि कलबुर्गी हे दोन्ही प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. आज त्यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. तथापि गावाच्या नावावरून बनलेले विशेषण मराठीत इतके रुळले आहे की, ते आता स्थळ सांगत नाही, जात सांगते. करड्या रंगाची, साध्या घडणीची कोणतीही चुनखडकाची लादी बोलण्यात ‘शहाबादी’ होते, मग ती तेलंगणातील तांदूरहून आलेली असो की अन्य खाणीतून. ‘कोटा’ आणि ‘कडप्पा’ ह्या शब्दांचे असेच झाले आहे. म्हणून अंदाजपत्रकात केवळ ‘शहाबादी’ असे लिहिल्याने खाण ठरत नाही, जाडी ठरत नाही, आणि लादीच्या कडा यंत्राने कापलेल्या की हाताने फोडलेल्या, हेही ठरत नाही.

येथे एक शंका साहजिकच उपस्थित होते. ज्या जिल्ह्यात वेरूळची लेणी आहेत, जेथे चार हात खणले की काळा पाषाण लागतो, तेथे दगड इतक्या दुरून का आणावा? ह्याचे उत्तर खडकाच्या घडणीत आहे. दख्खनचा काळा दगड म्हणजे लाव्हारस थिजून झालेला बेसाल्ट. तो कठीण असून त्याला सलग सपाट थर नसतात. त्याची लादी करावयाची तर पाथरवटाने छिन्नीने किंवा यंत्राच्या पात्याने प्रत्येक बाजू घडवावी लागते. शहाबादचा चुनखडक हा पाण्यात थरावर थर साचून झालेला आहे. तो थरांच्या रेषेत सुटतो, आणि अर्धे काम निसर्गानेच केलेले असते. सारांश, पायाखालचा दगड महाग आणि परमुलखातला स्वस्त पडतो, कारण आपण दगडाची किंमत देत नसून त्यावर पडलेल्या हाताची किंमत देत असतो. घडणावळीपेक्षा गाडीभाडे कमी पडले म्हणजे दगड प्रवास करतो.

हा व्यवहार ह्या नगरास नवा नाही. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी तावेर्निये ह्याने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवर वाहून नेणाऱ्या सुमारे ३०० गाड्या पाहिल्याचे नमूद केले आहे. त्यांतील लहानांत लहान गाडीसही १२ बैल जुंपलेले होते. बीबी का मकबरा ह्या वास्तूचा खर्च गुलाम मुस्तफा ह्याच्या ‘तवारीखनामा’त ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. दुरून आणलेला हा संगमरवर मुख्य इमारतीच्या खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला वापरला गेला. मधला भाग स्थानिक काळ्या दगडाचा असून त्यावर गुळगुळीत गिलावा आहे. खर्चाचा ताळमेळ राजघराण्यासही सुटला नव्हता, हे त्या गिलाव्यावरून कळते.

तिसरा शब्द अंदाजपत्रकात नव्हता, पण बोलण्यात होता. तो म्हणजे ‘ब्रास’. वाळू, खडी, मुरूम ह्यांच्या बाबतीत १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. शासनही गौण खनिजाचे स्वामित्वधन ब्रासवरच आकारते. परंतु फरशी, गिलावा ह्यांच्या बाबतीत गवंडी १ ब्रास म्हणतो तेव्हा त्याला १०० चौरस फूट अभिप्रेत असतात. एकच शब्द एका वाक्यात घनफळ व दुसऱ्यात क्षेत्रफळ दाखवतो. आमचे अंगण ३०० चौरस फूट, म्हणजे ३ ब्रास फरशीचे. त्याखाली ४ इंच जाडीचा मुरूम घालावयाचा तर ३०० ला एकतृतीयांश फुटाने गुणून १०० घनफूट, म्हणजे १ ब्रास मुरूम लागतो. तोही धुम्मस करून दाबलेला. ट्रकमधून सुटा आलेला मुरूम दाबल्यावर सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतो, म्हणून सुटा मुरूम सव्वा ब्रास मागवावा लागतो. ‘तीन ब्रासचे काम’ आणि ‘सव्वा ब्रास माल’ ही दोन वाक्ये एकाच दिवशी ऐकणाऱ्या घरमालकाचा गोंधळ झाला तर नवल नाही.

उरलेला हिशोबही येथेच देतो. दर ऋतुमानाप्रमाणे बदलतात. परिमाणे बदलत नाहीत. ज्याने त्याने आपल्या गावचा त्या दिवशीचा दर घालून गुणाकार करावा. मुरुमावर सरासरी दीड इंच मसाला धरला तर तो ३७.५ घनफूट होतो. कोरड्या मापाने तो सुमारे ५० घनफूट धरावा. सिमेंट व वाळू ह्यांचे प्रमाण १:६ ठेवल्यास सिमेंटची ६ पोती आणि सुमारे ४३ घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासहून थोडी कमी वाळू लागते. नदीच्या वाळूऐवजी आता पुष्कळ ठिकाणी दगडाचा चुरा वापरतात. लाद्या तुटफुटीसाठी दहा टक्के अधिक, म्हणजे ३३० चौरस फूट घ्याव्या. ३० मिलिमीटर जाडी धरल्यास त्यांचे वजन जवळजवळ अडीच टन भरते. गाडीभाडे आणि उतरणावळ ह्या वजनावर ठरतात. ती रक्कम दुकानदाराने सांगितलेल्या चौरसफुटी दरात आहे की नाही, हे आधी विचारावे.

चौथा शब्द ‘उक्ते’. रोजंदारीच्या उलट, सबंध कामाची एकच रक्कम ठरवणे म्हणजे काम उक्ते देणे. ह्यात घरमालकाला रकमेची निश्चिती मिळते, परंतु काम करणाऱ्याचा लाभ काम लवकर उरकण्यात राहतो. फरशीच्या कामात जे लवकर उरकता येते ते नेमके डोळ्यांआड होणारे, म्हणजे धुम्मस व पाणी मारणे हे होय. हे काम बिगारी करतो, किंवा पुष्कळदा बिगारीण करते. ‘बिगार’ हा फारसी शब्द मुळात मोबदल्यावाचून घेतलेल्या श्रमाचा वाचक आहे; ‘वेठबिगार’ ह्या जोडशब्दात तो अर्थ अद्याप शिल्लक आहे. आज बिगारी रोज घेतो, हे खरे. तथापि उक्त्या कामात त्याचे दाबणे व भिजवणे स्वतंत्रपणे मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्याचे पैसे कोणी देत नाही. शब्दाचा अर्थ बदलला, पण व्यवहारातून जुना अर्थ पुरता गेला नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मुख्य शब्द, ‘बसवणे’. मराठीत ‘बसणे’ ह्या क्रियापदाला परस्परविरुद्ध अशा दोन अर्थच्छटा आहेत. ‘घडी बसली’, ‘सदरा अंगास बसला’ येथे जागच्या जागी नीट येणे हा अर्थ आहे. ‘आवाज बसला’, ‘भिंत बसली’ येथे खाली जाणे, खचणे हा अर्थ आहे. प्रयोजक रूप मात्र बहुधा पहिल्याच अर्थाचे होते. ‘त्याने धंदा बसवला’ म्हणजे तो मार्गी लावला, आणि ‘त्याचा धंदा बसला’ म्हणजे तो बुडाला. ह्याच न्यायाने फरशी बसवली असे गवंडी सांगतो, आणि दोन पावसाळ्यांनी फरशी बसली असे आपण सांगतो. काळ्या मातीत हा धोका विशेष असतो. ती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. ती पुरेशी काढून टाकून मुरूम भरला व दाबला नाही तर वरची लादी कितीही जाड असली तरी व्यर्थ होय. ‘फरशी’ ह्या शब्दाचे मूळ असलेल्या अरबी ‘फर्श’ शब्दाचा अर्थ पसरलेली वस्तू, बिछायत असा आहे. म्हणजे नामही केवळ पृष्ठभाग सांगते आणि क्रियापदही पृष्ठभागापुरतेच बोलते. खालचे सहा इंच ह्या शब्दयोजनेत कोठेच नाहीत. आमच्या कोपऱ्याचा दोष तेथेच होता.

उतार व दरजा ह्यांविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. घराकडून फाटकाकडे ६० ला १ असा ढाळ धरल्यास १५ फुटांत ३ इंच उतार मिळतो. तो पाणसळीने तपासून घ्यावा. दोन लाद्यांमधील फटीस ‘दरज’ म्हणतात. हा फारसी ‘दर्ज’, म्हणजे शिवण. ‘दर्जी’ हा शब्दही त्यातूनच निघाला. दरजा सिमेंटने घट्ट शिवल्या की पाणी मुरत नाही. ३०० चौरस फुटांवर १ इंच पाऊस पडला तर सुमारे ७०० लिटर पाणी होते, आणि ते सारे रस्त्यावर जाते. ज्या वसाहतीला पाणी जायकवाडीच्या जलाशयातून उपसून आणावे लागते, तिने एवढे पाणी दवडावे हे बरे नव्हे. भिंतीलगत दीड फुटाची मातीची पट्टी मोकळी सोडून ढाळ तिच्याकडे वळवला तर त्यातील काही पाणी मुरते, फरशीही तेवढी कमी लागते.

दुसऱ्या वेळी लेखकाने ओळ स्वतः लिहिली : ‘काळी माती काढून, मुरूम दोन थरांत पाणी मारून व धुम्मस करून दाबून ४ इंच, त्यावर दीड इंच मसाला, त्यावर ३० मिलिमीटर जाडीची शहाबादी फरशी, ढाळ ६० ला १, मुरूम दाबल्यावर मालकास दाखवून मगच पुढील काम, दाबण्याची मजुरी वेगळी.’ गवंडी ती वाचून म्हणाले, ‘सर, हे आधी लिहिलं असतं तर आम्हीही तसंच केलं असतं.’ ह्यावर उत्तर नव्हते. कोपरा आजतागायत बसलेला नाही.