पुत्रनामांतील निसर्ग : देशी शब्द आणि तत्सम शब्द

मराठी कुटुंबात मुलगी जन्मास आली असता तिला जाई, जुई, मैना, गंगा, गोदा अशी नावे ठेवण्यास कधीच अडचण पडली नाही. वेल, पक्षी, नदी यांचे रोजच्या बोलण्यातले नाव जसेच्या तसे उचलून पाळण्यात घालता येत असे. मुलग्याच्या बाबतीत ही मुभा नाही. डोंगर, पाऊस, वारा, वड, पिंपळ, मोर हे शब्द नित्य परिचयाचे आहेत, आणि व्याकरणदृष्ट्या ते पुल्लिंगीही आहेत. तथापि त्यांपैकी एकही, आहे त्या रूपात, मुलग्याचे नाव म्हणून रूढ झालेला नाही. समीर मात्र चालतो, मयूर चालतो, सागर, तुषार, शिरीष हेही चालतात. वारा आणि समीर या शब्दांनी निर्दिष्ट होणारी वस्तू एकच आहे. नाव म्हणून पाहता दोहोंमध्ये महदंतर आहे. अलीकडे मुलग्यासाठी निसर्गातले एखादे अपरिचित नाव शोधण्याची आवड वाढली असून अर्णव, निहार, अरण्य अशी नावे पुढे येत आहेत. ही निवड वरवर पाहता केवळ आवडीची बाब वाटते. तिच्यामागे भाषेचे व समाजाचे जे जुने संकेत उभे आहेत, त्यांचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

निसर्गातून पुरुषनाम घेण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. तित्तिरि, कश्यप, शुनक ही प्राचीन ऋषिनामे अनुक्रमे तितर, कासव व कुत्रा यांची वाचक आहेत. नहपानाचा जावई उषवदात याचे नाव नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत येते. त्याचे संस्कृत रूप ऋषभदत्त असून त्यात वृषभ आहे. महानुभाव वाङ्मयात नागदेव व सारंगपंडित भेटतात. परंतु नामकरणाविषयी शास्त्रकारांनी जे नियम घातले, त्यांत अर्थापेक्षा ध्वनीला व घडणीला अधिक महत्त्व दिलेले आढळते. आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे पुत्राचे नाव घोषवर्णाने आरंभ होणारे, मध्ये अंतस्थ वर्ण असलेले, दोन किंवा चार अक्षरांचे असावे. समसंख्य अक्षरे पुत्राला, विषमसंख्य कन्येला. पतंजलीनेही महाभाष्याच्या आरंभी याज्ञिकांचा असाच नियम नोंदवून नाव कृदन्त असावे, तद्धितान्त नसावे, असे सांगितले आहे. गमतीची गोष्ट अशी की, वसंत, समीर, तुषार, सागर, मंदार, शिरीष, शिशिर ही आजची लोकप्रिय पुत्रनामे सर्वच्या सर्व तीन अक्षरी आहेत. आश्वलायनाच्या हिशेबाने ती कन्यांच्या वाट्याला गेली असती!

नक्षत्रांचा प्रवास याहूनही उद्बोधक आहे. पाणिनीच्या काळी नक्षत्र हेच नाव होत असे. विशाखा नक्षत्रावर जन्मला तो विशाख, तिष्यावर जन्मला तो तिष्य, अशा नावांत प्रत्ययाचा लोप कोठे होतो, हे सांगणारे स्वतंत्र सूत्र अष्टाध्यायीत (४.३.३४) आहे. म्हणजे आकाशातील तारकापुंज आपल्या नावानिशी मुलाच्या नावात उतरत असे. पुढे ज्योतिषातील अवकहडा चक्राने सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण कल्पून एकशे आठ चरणांना एकेक अक्षर नेमून दिले. मघा नक्षत्राला मा, मी, मू, मे ही अक्षरे आली व मघा हा शब्द मागे पडला. नक्षत्र गेले, आद्याक्षर उरले. आर्द्रेच्या वाट्याला ज्या अक्षरांची वाटणी झाली त्यांत ‘ङ’ हे एक आहे. या अक्षराने आरंभ होणारा शब्द संस्कृतात नाही व मराठीतही नाही. तेव्हा त्या चरणावर जन्मलेल्या बालकाचे नावरस नाव काय ठेवावे, हा पेच पंचांगकर्त्यांनाच ठाऊक.

महिन्यांचेही तेच झाले. धर्मसिंधूने देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम व व्यावहारिक नाम असे चार प्रकार मानले आहेत. यांतील मासनाम म्हणजे श्रावण किंवा फाल्गुन नव्हे. बारा महिन्यांना विष्णूची बारा नावे लावून दिली आहेत व त्यांतील एक बालकाला मिळते. सृष्टीतील वस्तू पुत्रनामात यावयाची ती दैवताच्या परवान्याने, असा हा रोख आहे. अनिल हा वारा खरा, पण तो वायुदेवही आहे; आदित्य हा सूर्य व देवही; गिरीश या नावात पर्वत आहे, पण तो शिवाच्या आडून आलेला. कन्यांच्या बाबतीत शास्त्राचा रोख याहून कडक होता. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी यांची नावे धारण करणारी कन्या वरू नये, असे मनुस्मृती (३.९) सांगते. गंगा, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, रोहिणी या नावांनी भरलेल्या महाराष्ट्राने हा निषेध किती मनावर घेतला, हे सांगणे नलगे.

शास्त्राबाहेर, लोकव्यवहारात, देशी शब्द पुत्रनामात आले ते वेगळ्या वाटेने. येथे एक नियम स्पष्ट दिसतो : देशी नाम प्रत्ययावाचून पुरुषाचे नाव होत नाही. वाघ हे नाव नाही, वाघोजी आहे. फूल हे नाव नाही. परंतु पावनखिंडीच्या प्रसंगाशी (१६६०) बाजीप्रभूंचे बंधू म्हणून ज्यांची आठवण जोडली जाते ते फुलाजी होते. शिवकालातील हिरोजी व माणकोजी ही नावेही याच घडणीची. ‘जी’ किंवा ‘राव’ लागला की फुलासारखी नाजूक व व्याकरणाने नपुंसकलिंगी वस्तूही तलवार धरणाऱ्या पुरुषाला शोभू लागते. विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांच्या नावात गुलाबाचे फूल आहे, हे ‘राव’ या पदामुळे कानाला जाणवतही नाही.

याच घडणीतला दुसरा वर्ग दगडू, धोंडू, केरबा, कचरू या नावांचा. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे नव्या बालकाला मुद्दाम तुच्छ वस्तूचे नाव देत, म्हणजे मृत्यूची किंवा दृष्ट लावणाऱ्याची नजर त्याच्याकडे वळू नये. दगड हा निसर्गातलाच पदार्थ आहे. पण त्याचे नाव देणाऱ्या मातापित्यांना निसर्गाचे कौतुक नव्हते, अपत्य वाचावे एवढीच त्यांची आस होती. हे केवळ एका जातीचे किंवा वर्गाचे वैशिष्ट्य मानणे चुकीचे ठरेल. १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशवे हे धोंडोपंत होत. महर्षी कर्वे (१८५८–१९६२) हे धोंडो केशव होत. धोंडा तोच, पण त्याला ‘पंत’ लागला किंवा पुढे ‘अण्णा’सारखे घरगुती आदराचे संबोधन मिळाले, की त्यातील तुच्छता झाकली जाते. ज्याला असे आदरार्थी पद लावण्यास गाव तयार नव्हते, त्याचा धोंडू हा धोंड्याच राहिला व दगडूचा दगड्या झाला. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलयुक्त, वैश्याचे धनयुक्त व शूद्राचे जुगुप्सित असावे, या मनुस्मृतीतील (२.३१) दंडकाची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. दृष्ट टाळण्याचा हेतू सर्व घरी सारखा असला, तरी त्या नावाची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागली नाही.

दया पवार (१९३५–१९९६) यांचे ‘बलुतं’ (१९७८) हे आत्मकथन या दृष्टीने नामविषयक पुरावा म्हणूनही वाचण्यासारखे आहे. लेखकाचे मूळ नाव दगडू मारुती पवार. दगडू बोलतो आणि दया ऐकतो, अशी पुस्तकाची मांडणी आहे. एकाच माणसाची दोन नावे परस्परांसमोर बसली आहेत : एक गावाने हाकारलेले, दुसरे लेखनाच्या जगात वावरणारे. देशी शब्द व तत्सम शब्द यांतील अंतर हे शब्दकोशातील नसून जगण्यातील आहे, हे त्या मांडणीतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याकरणातून होणार नाही.

विसाव्या शतकात सुशिक्षित मराठी कुटुंबांनी निसर्गाकडे नावासाठी पुन्हा पाहिले, तेव्हा त्यांनी दगडूच्या वाटेने जाणे शक्यच नव्हते. त्यांनी संस्कृताचा आश्रय केला. प्रथम सामासिक नावे आली. पद्माकर, कमलाकर, कुसुमाकर, रत्नाकर यांतील ‘आकर’ म्हणजे खाण किंवा साठा. पद्माकर हा कमळांचा साठा, अर्थात तलाव. रत्नाकर हा समुद्र. कुसुमाकर हा वसंत ऋतू. प्रभाकर व दिवाकर यांची फोड मात्र निराळी आहे. तेथे ‘कर’ म्हणजे करणारा, व दोन्हींचा अर्थ सूर्य. मुलग्याचे नाव ‘तलाव’ ठेवा असे कोणी सुचविले तर हसू येईल. परंतु पद्माकर हे नाव पिढ्यान्पिढ्या ठेवले गेले, आणि ते धारण करणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात तळ्याचे चित्र आले असेल. नाव रूढ होते ते बहुधा त्याचा अर्थ विसरला गेल्यावर.

सुटी निसर्गवाचक नावे प्रौढ पुरुषांनी प्रथम टोपणनावे म्हणून अंगीकारलेली दिसतात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. निसर्गाचे श्रेष्ठ कवी बालकवी यांचे पाळण्यातले नाव त्र्यंबक, म्हणजे शिवाचे. आत्माराम रावजी देशपांडे हे ‘अनिल’ झाले. विष्णु वामन शिरवाडकर यांनी ‘कुसुमाग्रज’ हे नाव घेतले ते कुसुम या बहिणीचे अग्रज म्हणून. फूल येथेही बहिणीच्या नावातून आले. शंकर केशव कानेटकर यांनी कवी म्हणून ‘गिरीश’ हे नाव धारण केले, आणि त्यांचे पुत्र नाटककार वसंत कानेटकर होत. शंकर, गिरीश, वसंत : पहिल्या दोन नावांत देव एकच, पण दुसऱ्यात पर्वत डोकावतो, तिसऱ्यात देव मागे सरला असून ऋतू तेवढा उरला आहे. शरद, हेमंत, शिशिर ही नावे वसंताच्या पाठोपाठ सहज आली. ग्रीष्म मात्र फारसा कोणी ठेवला नाही. महाराष्ट्राचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याला याचे कारण सांगावे लागू नये.

या नावांनी मराठीच्या विभक्तिव्यवस्थेतही एक सूक्ष्म भेद निर्माण केला. समुद्राविषयी बोलताना ‘सागराला भरती आली’ असे म्हणतात. मुलग्याविषयी ‘सागरला ताप आला’ असे म्हणतात. ‘वसंताची चाहूल’ ही ऋतूची, ‘वसंतची चाहूल’ ही माणसाची. जुन्या मराठीत व्यक्तिनामांचेही सामान्यरूप सर्रास होत असे. गोविंदाने, रामाने हे प्रयोग आजही कानांवर येतात. परंतु व्यंजनान्त उच्चाराच्या नव्या नावांचे सामान्यरूप न करण्याकडे आजचा कल आहे, आणि त्यामुळे वस्तू व व्यक्ती आपोआप वेगळ्या पडतात. देशी आकारान्त शब्दांना ही सोय नाही. ‘वारा’ हे नाव ठेवले तर ‘वाऱ्याला बोलाव’ असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तेथे मुलगा वाऱ्यावर गेलाच!

अपरिचित नाव निवडणाऱ्याने या ध्वनिविषयक बाबींचा विचार करणे अगत्याचे ठरते. मराठी मुले सवंगड्याच्या नावाच्या पहिल्या भागाला ‘या’ जोडून हाक मारतात : समीरचा सम्या, तुषारचा तुष्या. मंदार हा स्वर्गातील वृक्ष व गणपतीला प्रिय. पण शाळेच्या पटांगणावर त्याचा मंद्या होतो आणि ‘मंद’ या शब्दाशी त्याची गाठ पडते. अर्थाचेही तसेच आहे. सारंग या संस्कृत शब्दाला हरिण, मोर, भ्रमर, हत्ती असे अनेक अर्थ आहेत, त्यांतील कोणता अभिप्रेत आहे हे नावावरून कळत नाही. मिलिंद या नावाची तर दोन कुळे आहेत. एका घरात ते भ्रमरवाचक म्हणून ठेवले जाते. दुसऱ्या घरात ते ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या यवन राजाचे, म्हणजे मिनँडरचे असते. डॉ. आंबेडकरांनी स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील मिलिंद महाविद्यालयाचे नाव या राजावरून आहे. नाव कोणत्या शब्दातून घेतले यापेक्षा ते कोणत्या परंपरेतून घेतले हे येथे निर्णायक ठरते, आणि ऐकणाऱ्याला ते नेहमीच कळेल असे नाही.

मुलग्याचे नाव निवडताना आणखी एका पिढीचे नाव नकळत निवडले जाते. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावापुढे पित्याचे नाव व नंतर आडनाव लावण्याची रीत आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरविला आहे. यामुळे मातेचे नाव मध्ये आले; पित्याचे स्थान गेले नाही. निवडीसाठी सवड मात्र पूर्वीपेक्षा अधिक आहे. बारसे बाराव्या दिवशी करण्याची रूढी असली, तरी जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात (कलम १४) नावावाचून नोंदविलेल्या जन्माच्या नोंदीत नाव मागाहून भरण्याची तरतूद आहे.

अर्णव, निहार, अरण्य ही नावे अपरिचित वाटली, तरी ती संस्कृत कोशातूनच घेतलेली आहेत; सागर व तुषार ज्या दाराने आले त्याच दाराने तीही आली. त्यांतील ‘अरण्य’ तेवढे मुळात नपुंसकलिंगी असून नाव होताना पुल्लिंगी झाले आहे. खऱ्या अर्थाने अपूर्व ठरेल ते पाऊस किंवा डोंगर हे नाव, मागे ‘जी’ नाही, ‘राव’ नाही, ‘बा’ नाही. असे नाव ठेवल्यास त्याचे सामान्यरूप ‘पावसाला’ करावयाचे की ‘पाऊसला’, हे आज कोणतेही व्याकरण सांगू शकत नाही. ते त्या मुलग्याला हाक मारणारे लोकच ठरवितील.