समुद्रतळाचा वारसा

फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पाच जणांचे पथक द्वारकेजवळच्या समुद्रात उतरले. त्यात महिला संशोधकही होत्या. अशा प्रसंगी श्रीकृष्णाची द्वारका सापडली काय, हा एकच प्रश्न आपल्याकडे विचारला जातो. त्यामागील श्रद्धा समजण्यासारखी आहे. परंतु तिच्या गदारोळात या मंडळींचे खरे काम झाकोळून जाते.

हे काम आपल्याकडे तसे नवे. १९८१ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. एस. आर. राव यांनी त्याचा पाया घातला. पुरातत्त्व सर्वेक्षणाला स्वतःची जलांतर्गत शाखा मिळाली ती २००१ मध्ये.

पाण्याखाली वस्तूपेक्षा तिची जागा मोलाची असते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. गोव्याच्या सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात सापडले. हे सारे एकत्र मिळाले म्हणूनच त्या जहाजावरील मालाचा आणि आफ्रिकेशी चाललेल्या व्यापाराचा माग लागतो. तेच दात सुटे होऊन बाजारात आले असते, तर ती केवळ दिवाणखान्यातील शोभेची वस्तू ठरली असती! शिवाय शतकानुशतके खाऱ्या पाण्यात राहिलेली लोखंडी तोफ वर काढून तशीच ठेवली, तर आत मुरलेल्या क्षारांमुळे तिचे पापुद्रे सुटू लागतात. भिजलेले लाकूड वाळताना आक्रसते, तडकते. म्हणून जाणता पुरातत्त्वज्ञ पुष्कळदा मोजमापे घेतो, आराखडा काढतो आणि वस्तू आहे तेथेच राहू देतो. रिकाम्या हातांनी वर येणाऱ्या अशा माणसाचे छायाचित्र वृत्तपत्रे छापीत नाहीत, हे ओघानेच आले.

जमिनीवरील संरक्षित किल्ल्याला निदान एक निळा फलक आणि पहारेकरी तरी असतो. समुद्रतळावर तेही नाही. तेथे ट्रॉलरची जाळी फिरतात, बंदरे खोल करण्यासाठी गाळ उपसला जातो. नव्या मोजणीनुसार अकरा हजार किलोमीटरांहून लांब असलेल्या किनाऱ्याची राखण चार-दोन पथकांकडून व्हावी, ही अपेक्षाच मुळी अवाजवी आहे. बंदराचा आराखडा मंजूर होण्यापूर्वीच तेथील तळाची पुरातत्त्वीय पाहणी झाली पाहिजे आणि त्या खर्चाची तरतूद प्रकल्पाच्याच अंदाजपत्रकात असली पाहिजे.