जस्ताचा थर आणि जुना रंग

चाळीस-पंचेचाळीस वर्षांची पोर्श ९११ जर्मनीत विकायला निघाली की ती पाहायला येणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एका गटाला रंग चकचकीत, सीटचं चामडं कोरं करकरीत आणि इंजिन धुऊनपुसून ठेवलेलं हवं असतं. दुसरा गट मूळ रंगाची, मग तो थोडा विटलेला का असेना, सीटची कड झिजलेली आणि सोबत कागदपत्रांची जाड फाइल असलेली गाडी शोधतो आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजायला तयार असतो. बाहेरच्या माणसाला हा दुसरा ग्राहक भावनेच्या आहारी गेलेला वाटतो. माझ्या मते दोघांत तोच अधिक व्यवहारी आहे. जपलेली गाडी तपासता येते. नव्याने उभी केलेली गाडी बऱ्याच अंशी विकणाऱ्याच्या शब्दावर घ्यावी लागते.

हे म्हणणं पारखायला ९११ एससी हे मॉडेल सोयीचं आहे. ९११ पहिल्यांदा दिसली ती १९६३च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात, ९०१ या नावाने. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर आपला हक्क आहे असा आक्षेप प्यूजोने घेतल्यावर ती ९११ झाली. एससी १९७८च्या मॉडेल वर्षापासून १९८३पर्यंत बनली. तिचं इंजिन मागे, तीन लिटरचं, सहा आडव्या सिलिंडरचं आणि हवेने थंड होणारं. कंपनीच्या त्या वेळच्या बेतानुसार ९११ तिथेच थांबणार होती आणि तिची जागा ९२८ घेणार होती. १९८१मध्ये कंपनीची सूत्रं हाती घेतलेल्या पीटर शुट्झ यांनी तो बेत बदलला. एससी लोकांनी रोजच्या वापरात ठेवली, कडाक्याच्या थंडीत मीठ टाकलेल्या रस्त्यांवर पळवली, ठोकलीही. त्यामुळे चांगली आणि चांगली दिसणारी, अशा दोन्ही एससी आज बाजारात आहेत.

तपासणीची सुरुवात इंजिनापासून करावी असं नवख्याला वाटतं. जाणकार पत्र्यापासून करतात, कारण इंजिन खाली उतरवून पुन्हा बांधता येतं, कुजलेली बॉडी पूर्ववत करणं मात्र त्याहून फार अवघड आणि महाग असतं. १९७५च्या उत्तरार्धापासून पोर्शने ९११ची बॉडी दोन्ही बाजूंनी जस्ताचा थर दिलेल्या पोलादी पत्र्याची बनवायला सुरुवात केली आणि गंजाविरुद्ध सहा वर्षांची हमी दिली. जस्त स्वतः झिजतं आणि पोलादाला वाचवतं. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त त्या उघड्या जागेचं काही प्रमाणात रक्षण करतं. पण वेल्डिंगच्या उष्णतेने किंवा ग्राइंडरच्या चाकाखाली हा थर निघून गेला की तेवढा पत्रा साध्या पत्र्यासारखा उघडा पडतो. म्हणून एससीवरचा गंज पाहताना तो किती आहे यापेक्षा कुठे आहे हे आधी पाहायचं. पाणी साचण्याच्या जागा, बॅटरीचं ॲसिड सांडण्याची जागा, पुढच्या काचेची चौकट, दाराखालचा उंबरा इथे थोडा गंज असेल तर तो वयाचा. पण एकाच मडगार्डच्या मधोमध, किंवा दाराच्या मागच्या खांबाच्या एकाच बाजूला बुडबुडे आले असतील तर तिथे कधीतरी ठोकाठोक आणि वेल्डिंग झालेलं असण्याची शक्यता मोठी. गंज इथे अपघाताची साक्ष देतो. ही साक्ष वाचायला जुना रंग जागेवर असावा लागतो. नवा रंग चढला की पुढची काही वर्षं बुडबुडे दिसत नाहीत, आणि नेमक्या त्याच वर्षांत गाडी विकली जाते.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र तळहातात मावतं. बॉडीवर टेकवलं की आकडा मायक्रॉनमध्ये दिसतो. कारखान्यातून आलेला रंग साधारण शंभर ते दोनशे मायक्रॉनच्या आत असतो, दुसऱ्यांदा रंगवलेल्या भागावर आकडा वर जातो, आणि रंगाखाली पुट्टी भरलेली असेल तर तो हजाराच्याही पुढे जाऊ शकतो. एका ठिकाणच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. डावं दार आणि उजवं दार, बॉनेट आणि टप, असं सगळीकडे मोजून आकड्यांमधला फरक पाहायचा. सगळीकडे सारखा आणि कमी आकडा आला तर त्या बॉडीला कधी मोठा मार बसलेला नाही यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. याला जोड म्हणून पुढची मडगार्ड ज्या बोल्टनी बसवलेली असतात त्यांच्या डोक्यांवर पान्याच्या खुणा आहेत का, दार आणि बॉडीमधली फट वरून खालपर्यंत सारखी आहे का, काचांवरच्या, सीट बेल्टच्या लेबलवरच्या आणि फुक्सच्या घडीव चाकांच्या आतल्या बाजूच्या तारखा गाडीच्या वर्षाशी जुळतात का, हेही पाहिलं जातं. एकटी कुठलीच खूण निकाल देत नाही. काच दगड लागून बदललेली असू शकते, चाकं दुसरी घातलेली असू शकतात. पण मूळ गाडीत अशा पंधरा-वीस खुणा एकमेकींना दुजोरा देतात आणि एखादी विसंगत असेल तर लगेच उठून दिसते. सगळं उतरवून, सँडब्लास्ट करून, रंगवून पुन्हा जोडलेल्या गाडीत या खुणांपैकी बहुतेक पुसल्या गेलेल्या असतात. काम उत्तम झालेलं असेल, पण ते उत्तम झालं हे पाहणाऱ्याला ठरवता येत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. चाळीस वर्षांपूर्वीचे रबरी पाइप, जुने टायर, जुनी ब्रेकची नळी हेही मूळच आहे. मग तेही जपायचं का? अजिबात नाही. टायरवर कोरलेल्या चार आकड्यांत त्याचा आठवडा आणि वर्ष कळतं, आणि नक्षी कोरी असली तरी म्हातारा टायर बदलायलाच हवा. पेट्रोलची गळकी नळी मागच्या गरम इंजिनावर ठिबकली तर गाडीच जळते. एससीच्या बाबतीत तर यापुढे जाऊन म्हणता येतं की काही गोष्टी मूळच्यापेक्षा बदललेल्याच बऱ्या. कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळ्या ताणून धरणारे टेन्शनर हे या इंजिनाचं दुखणं होतं. ते निकामी झाले की साखळी सैल पडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. १९८४च्या कॅरेरा ३.२पासून पोर्शने ऑइलच्या दाबावर चालणारे टेन्शनर दिले, आणि तेच मागाहून बसवलेली एससी जास्त निर्धास्तपणे चालवता येते. म्हणजे मूळपणाचा आग्रह सरसकट नसतो. झिजण्यासाठीच बनवलेले आणि सुरक्षेशी निगडित भाग बदलावेत, बदलल्याची पावती ठेवावी. पत्रा, रंग, आतलं कापड, इंजिनाचं आवरण आणि त्यावर ठोकलेला क्रमांक यांना मात्र गरज नसताना हात लावू नये.

इंजिन पाहायचं ते थंड असताना. विकणाऱ्याने ते आधीच गरम करून ठेवलं असेल तर पहिल्या काही सेकंदांतला साखळीचा आवाज आणि धूर दोन्ही हुकतात. सिलिंडर आडवे असल्यामुळे थोडं ऑइल त्यांत झिरपतं, म्हणून सुरू करताच निळसर धुराचा एक लोट आला तर घाबरायचं कारण नाही. तो येतच राहिला तर मात्र विचार करावा. खालची व्हॉल्व्ह कव्हर काढून सिलिंडर हेड धरून ठेवणारे स्टड तपासायचे, कारण एससीत डिलावार या मिश्रधातूचे स्टड गंजून तुटतात. हा मिश्रधातू निवडला गेला तो तापल्यावर जवळपास ॲल्युमिनियमइतकाच प्रसरण पावतो म्हणून. रस्त्यावरचं पाणी आणि मीठ त्याला मानवलं नाही. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती किती टक्के निसटते हे मोजायचं.

कमी रनिंग असलेली गाडी सर्वांत चांगली, हा समज बाजारात घट्ट बसला आहे आणि तो मला पटत नाही. उभ्या गाडीचे सील सुकतात, पेट्रोलच्या टाकीत गंज धरतो, ब्रेकचे पिस्टन अडकतात. शिवाय या गाड्यांच्या मीटरमधली प्लास्टिकची दातेरी चाकं तुटतात आणि आकडा महिनोन्‌महिने एका जागी थांबतो. मीटरवर विसंबण्यापेक्षा जर्मनीतल्या सक्तीच्या नियतकालिक तांत्रिक तपासणीचे अहवाल पाहावेत. ही तपासणी दर दोन वर्षांनी होते आणि अहवालात त्या दिवशीचं किलोमीटर नोंदलेलं असतं. दीड लाख किलोमीटर चाललेली पण अहवालांची माळ अखंड असलेली एससी, पुरावा नसलेल्या चाळीस हजारवालीपेक्षा मी वरची मानेन.

दुसरा आक्षेप असा की खुद्द पोर्शच्या संग्रहालयानेच जुनी गाडी नव्याने उभी केली आहे. खरं आहे. २०१४मध्ये ब्रँडेनबर्गमधल्या एका कोठारात ९०१ क्रमांक ५७ सापडली. संग्रहालयाने ती विकत घेतली, तीन वर्षं तिच्यावर काम केलं आणि २०१७मध्ये लोकांसमोर ठेवली. पण ती सापडली तेव्हा गंजाने पार खाल्लेली होती. पुढची मडगार्डसुद्धा जागेवर नव्हती. जपण्यासारखं उरलं नाही तिथे पुनर्बांधणी हा एकच मार्ग असतो, आणि तिथेही जितके मूळ भाग वाचवता येतील तितके वाचवण्यावर भर होता. शिवाय ते काम लोकांसमोर मांडलं गेलं. बाजारात विकल्या जाणाऱ्या चकचकीत गाड्यांपैकी किती जणींबरोबर पत्रा उघडा असतानाचे फोटो आणि कामाची बिलं मिळतात, हा प्रश्न विचारावा. फोटो आणि बिलं पूर्ण असतील तर पुनर्बांधणी केलेली गाडीही तपासता येते आणि माझा तिच्यावरचा आक्षेप संपतो.

मूळ स्वरूपाला मोल देण्याचा विचार जर्मन कायद्यानेही स्वीकारलेला दिसतो. तीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला एच अक्षराची नंबरप्लेट मिळते आणि वर्षाला १९१.७३ युरो एवढा ठरावीक कर लागतो. पण त्यासाठी गाडी बव्हंशी मूळ स्वरूपात आणि चांगल्या स्थितीत आहे असं तज्ज्ञाने लिहून द्यावं लागतं. वयाने म्हातारी असणं पुरेसं धरलेलं नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी गाडी आहे आणि ती विकायचा विचार आहे, त्यांना एक विनंती. भाव वाढेल या आशेने ती विकण्याआधी रंगवू नका. जुनी बिलं, तपासणीचे अहवाल, हत्यारांची पिशवी, मूळ स्टेपनी, जे काही असेल ते गोळा करा, आणि गाडी पाहायला माणूस येईल त्या दिवशी इंजिन थंड ठेवा.