गालातल्या पेशीपासून विळ्याच्या आकाराच्या पेशीपर्यंत

एकोडीतल्या आणि भंडारा जिल्ह्यातल्या विज्ञानप्रेमींनो, मानवी ऊती पाहायच्या तर सुरुवात स्वतःच्या गालापासून करा. चूळ भरा, टूथपिकच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू हलकेच घासा, काचपट्टीवर पसरा, वाळू द्या. मग मेथिलीन ब्लूचा थेंब आणि वर आच्छादक काच. आधी 100 पट, मग 400. चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी आणि गडद निळं केंद्रक दिसलं की समजा, अभिस्तर ऊती सापडली.

स्नायू आणि चेता ऊतींसाठी शाळेतल्या तयार काचपट्ट्याच बऱ्या.

मला सगळ्यात भावतं ते रक्त. हो, तेही संयोजी ऊतीच, फक्त आधारद्रव्य पातळ! तांबडी पेशी जेमतेम 7 मायक्रोमीटरची, मधोमध फिकट, केंद्रक नाही. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, म्हणून हा विषय घरचाच. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बदल एवढाच. पण ऑक्सिजन घटला की पेशी धान कापायच्या विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20.

वाहकाच्या, म्हणजे हा बदल एकाच पालकाकडून आलेल्या माणसाच्या, रक्ताची काचपट्टी मात्र सहसा नेहमीसारखीच दिसते. तिथे सूक्ष्मदर्शक पुरत नाही. सोल्युबिलिटी चाचणी आणि त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. हौसेपोटी घरी बोट टोचू नका. लग्न जुळवण्याआधी सरकारी दवाखान्यात दोघांचीही तपासणी करून घ्या.