मागे राहिलेल्या सोल गायकांचे संग्रह

सोल : गॉस्पेल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांतून १९५०च्या दशकात घडलेलं अमेरिकी कृष्णवर्णीयांचं संगीत.

ग्रेटेस्ट हिट्स की बेस्ट ऑफ? पहिल्यात खपलेली गाणी अपेक्षित. दुसऱ्यात संपादकाची निवड. 'कम्प्लीट सिंगल्स'मध्ये निवड नाहीच : ४५ आरपीएम तबकड्यांच्या दोन्ही बाजू.

जेम्स कार (१९४२–२००१) : मेम्फिसच्या गोल्डवॅक्स कंपनीचा गायक. 'यूव्ह गॉट माय माइंड मेस्ड अप' (१९६६) ऱ्हिदम अँड ब्लूज चार्टवर सातव्या, 'द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट' (१९६७) दहाव्या स्थानी. पॉप चार्टच्या पहिल्या चाळिसांत मात्र एकही नाही. गोल्डवॅक्ससाठीची त्याची सिंगल्स लंडनच्या केंट लेबलने २००१मध्ये एकत्र काढली.

ओ. व्ही. राइट (१९३९–१९८०) : 'दॅट्स हाऊ स्ट्राँग माय लव्ह इज' १९६४मध्ये आधी याने गायलं, गाजलं ते ओटिस रेडिंगच्या आवाजात. राइटच्या ध्वनिमुद्रिकेला चार्ट-क्रमांक शोधू नये. नोव्हेंबर १९६३ ते जानेवारी १९६५ 'बिलबोर्ड'ने ऱ्हिदम अँड ब्लूज चार्ट छापलाच नव्हता!

अमेरिकी गायकांचे संग्रह इंग्लंडमधून का? उत्तर इंग्लंडच्या नृत्य-क्लबांत अमेरिकेत न चाललेल्या तबकड्या वाजत. विगन कसिनो (१९७३–८१) त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. केंट १९८२मध्ये सुरू झालं, ते याच श्रोत्यांसाठी.

नुमेरो ग्रुप : शिकागोची कंपनी. 'एक्सेंट्रिक सोल' मालिका २००४पासून. संग्रह बहुधा गायकाचा नव्हे, बुडालेल्या लेबलचा.

घेताना : मूळ ध्वनिमुद्रण की त्याच गायकाने पुढे पुन्हा गायलेलं, हे मागच्या बारीक अक्षरांत तपासा. स्वस्त संग्रहांत दुसरं बरंच आढळतं.