कोरडी पांढरी वाईन आणि कोकणचे जेवण

कुडा लेणी आणि तळगड पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तळा परिसरात कृषी पर्यटनाचा जोडधंदा करता येतो. अशा वेळी 'पांढऱ्या वाईनबरोबर आपले कोणते पदार्थ चालतील?' असा प्रश्न एखादा पाहुणा विचारू शकतो. वाईनमधील आंबटपणा व साखर यांचे शास्त्र समजले, तर उत्तर अवघड नाही.

कोरडी म्हणजे काय?

जर्मनीतील राईन व मोझेल नद्यांच्या खोऱ्यांत रिझलिंग ही द्राक्षजात होते. हवा थंड असल्याने फळ सावकाश पिकते व त्यातील आम्ल टिकून राहते. रस आंबताना यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. दर लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून १ टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणजे २०० ग्रॅम साखरेपासून जवळजवळ १२ टक्के. बहुतेक साखर अशी संपली की वाईन 'कोरडी' होते. जर्मन बाटलीवर त्यासाठी 'ट्रॉकन' हा शब्द असतो. अशा वाईनमध्ये लिटरला ४ ग्रॅमपर्यंत, आणि आम्लता पुरेशी असल्यास ९ ग्रॅमपर्यंत साखर चालते. आपल्याकडे नाशिक भागात शेनिन ब्लाँ व सॉव्हिन्यों ब्लाँ या जातींपासून पांढरी वाईन तयार होते.

कोणते पदार्थ द्यावेत?

माशाच्या कालवणात आमसूल जे काम करते, तेच काम या वाईनचा आंबटपणा करतो. तो तेलकटपणा व हिवस वास कमी करतो. म्हणून पुढील पदार्थ योग्य ठरतात :

१) तळलेले पापलेट, बोईट किंवा कोळंबी.
२) कमी मसाल्यात वाफवलेला जिताडा.
३) नारळाच्या दुधातील सौम्य कालवण.
४) हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी.

तिखट बेताचे ठेवावे, कारण मद्यार्कामुळे मिरचीची आग वाढते. आमसूलही कमी घालावे. पदार्थ वाईनपेक्षा आंबट झाला तर वाईन पाणचट लागते. मोदकासारख्या गोड पदार्थाबरोबर हीच वाईन उलट आंबट लागते. बाटली ८ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावी.

द्राक्ष लावावे का?

शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, तरी तळ्याच्या शेतकऱ्याने त्या भरवशावर वेली लावू नयेत. तीन हजार मि.मी.हून अधिक पाऊस व दमट हवा यांमुळे केवडा, भुरी या रोगांवरच खर्च वाढतो. त्यापेक्षा कोकम, आंबा, काजू सांभाळावेत.

कायद्याचे भान ठेवा

जांभूळ, करवंद किंवा काजूबोंडापासून घरी वाईन करण्याचा मोह होतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे व विकणे गुन्हा आहे. पाहुण्याने स्वतःची बाटली आणली, तरी ती आपल्या जागेत पिऊ देण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात नियम विचारून घ्यावेत. एका बाटलीपायी उभा केलेला धंदा अडचणीत आणू नये.

वाईन हेही मद्यच आहे. तिचा आग्रह कोणालाही करू नये. न पिणाऱ्या पाहुण्यापुढे गार कोकम सरबत ठेवावे. आंबटपणाचे तेच काम तेही चोख करते, आणि त्याचे पैसे आपल्याच बागेत राहतात.