झिजलेल्या अक्षरातलं टिंब

‘जांबे’ हे नाव जुन्या, झिजक्या वळणाच्या ठळक फाँटमध्ये लिहून पाहा. ओरखडा नेमका अनुस्वारावर पडला, तर मुळशीतल्या या गावाचं ‘जाबे’ होतं. उलट, शिरोरेषेच्या वर शाईचा एखादा आगाऊ डाग उमटला, की ‘भाग दुसरा’चा ‘भांग दुसरा’! इंग्रजी मजकुरात असा डाग बहुधा धूळ म्हणून खपून जातो. देवनागरीत तो वाचला जातो. मिसळीच्या हॉटेलांपासून चहाच्या पुड्यांपर्यंत सध्या जी ‘जुनी’ अक्षरं मिरवतात, ती घडवणाऱ्याची कसोटी इथेच लागते.

मुळात हे ओरखडे आले छापखान्यातून. पोस्टरला हातभर अक्षरं लागत. एवढा मोठा शिशाचा खिळा, म्हणजे छपाईचा अक्षरठोकळा, जड आणि महाग, शिवाय ओतल्यावर सगळीकडे सारखा निवत नसल्याने त्याचा माथा खोलगट होई. म्हणून लाकडी खिळे आले. अमेरिकेत डॅरियस वेल्सने १८२८ मध्ये त्यांची नमुनापुस्तिका काढली.

खिळा लाकडी असो वा शिशाचा, एका फर्म्यात, म्हणजे एकत्र छापायच्या जुळणीत, सगळ्यांची उंची सारखीच हवी: ब्रिटिश-अमेरिकी मापाने सुमारे २३.३ मिलिमीटर. वापरून वापरून एखादा केसभर बुटका झाला, की कागदावर दाब कमी पडतो आणि अक्षर फिकं उठतं. टवका उडाला तिथे पांढरं. शाई जास्त झाली, तर दाबाखाली ती कडेला सरकते. कडा गडद, पोट फिकट. ज्या खिळ्यांत मात्रेचा भाग अंगाबाहेर काढलेला असे, त्यांत आधी मोडे तो तोच.

म्हणजे झीजही नियमाने चालते, आणि नकली फाँट पकडला जातो तो याच नियमांवर. काही फाँट अक्षरभर लाकडाच्या लांब रेषा दाखवतात. पण चांगले खिळे मेपलच्या आडव्या कापावर कोरत, तिथे अशा रेषा येतातच कुठून? दुसरी खूण पुनरावृत्तीची. ‘काका’ लिहिलं आणि दोन्ही ‘क’वर तोच टवका त्याच जागी दिसला, तर सोंग उघडं पडलं. यावर उपाय म्हणजे एकेका अक्षराची तीन-चार रूपं काढायची आणि ती आळीपाळीने येतील असा नियम फाँटमध्येच लिहायचा. देवनागरीत जोडाक्षरंही धरली, तर हे काम शेकड्यांनी वाढतं.

आता ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ घ्या. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा हा गुबगुबीत फाँट गुगल फाँट्सवर फुकट मिळतो. त्यात पोटातल्या मोकळ्या जागा दोऱ्याइतक्या बारीक आहेत आणि अक्षराची ओळख त्यांच्यावरच टिकून आहे. त्यावर फोटोशॉपमधून सरसकट पोपडे उडवले, तर कुठली रेघ अक्षराची आणि कुठली झिजेची, हे कळायचं नाही. माझ्या मते देवनागरीत शिरोरेषेच्या वरचा पट्टा निर्मळ ठेवावा, खालचे ठिपके अनुस्वाराहून बरेच लहान असावेत आणि अनुस्वार अखंड राहावा. ओरखडे हवे तेवढे जाड दांड्यात घाला. तिथे जागा भरपूर असते.

फ्लेक्सवर हे सगळं शोभतं. तोच फाँट मोबाइलवरच्या दरपत्रकाला लावला, की ओरखडा एका पिक्सेलपेक्षा लहान होतो. मग तो पांढरा दिसत नाही, काळ्या अक्षराला नुसतं करडं करतो.